आभाळात भावकी नसते

परग्रहावरच्या एका बाईसाठी मी नवस बोलले होते. हसा खुशाल. तेव्हा अख्खी आळी हसली, आता तुम्ही.

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. गावातला पहिला टीव्ही पाटलांच्या ओसरीवर आला. दर रविवारी एक हिंदी मालिका लागायची, आभाळात फिरणाऱ्या माणसांची. त्यातल्या बाईचं तान्हं लेकरू कुठल्याशा ताऱ्यावर हरवलं आणि ती यानाच्या काचेला कपाळ लावून उभी राहिली. तिथंच भाग संपला. मी विशीतली, अक्कल कमी आणि भक्ती जास्त. उठले ती थेट देवीच्या देवळात. म्हटलं, "आई, हिचं लेकरू सापडू दे, खणानारळानं तुझी ओटी भरीन." देवीची चुकामूक नको म्हणून पत्ताही सांगितला, लाल ताऱ्याच्या पलीकडं, डाव्या हाताला.

पुढच्या रविवारी लेकरू सापडलं. मी नारळ घेऊन निघाले, तर सासूबाई दारात. "कुणाची गं ओटी?" मी खरं सांगून बसले. मग काय, विहिरीवर बायका महिनाभर विचारत होत्या, "आभाळातलं लेकरू दूध पितंय का गं?"

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. त्याच उन्हाळ्यात माझा पहिला मुलगा पाळण्यात घालायच्या आधीच गेला होता. आमच्यात एवढ्या लहानाचे दिवस करत नाहीत. पुरुषांनी फडक्यात गुंडाळून ओढ्याकाठी पुरलं. बायकांनी मला भाकरी खाऊ घातली आणि बजावलं, "त्याचा विषय काढायचा न्हाई. पुढचं लेकरू रुसतंय." म्हणजे पोटी येतच नाही. मी मोठी गुणाची, ऐकलं. आपल्या लेकरासाठी रडायची सोय नव्हती, म्हणून दुसरीच्या लेकरासाठी देवीला वेठीला धरलं. येडी कुठली!

आता यंदाचं सांगते. नातसुनेला मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. नातसून दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आली आणि पुन्हा तेच सुरू झालं, "विषय काढायचा न्हाई." पाळण्याची दोरीसुद्धा कुणी गुपचूप सोडून ठेवली. नातसून भिंतीकडं तोंड करून बसायची. ताट तसंच परत जायचं. विचारलं की, "काय न्हाई, आजी." घरातले म्हणायचे, शांत झाली. मला ती शांतता चांगली ओळखीची होती.

मी तिच्यासमोर टीव्ही लावला. म्हातारपणी मला ह्या आभाळातल्या मालिकांचा नाद लागलाय. एकीत एक आई आपल्या मेलेल्या मुलीसारखं हुबेहूब यंत्र करून घेते, त्याची वेणी घालते, आणि ते हसलं की बाहेर जाऊन ओकते. दुसरीत बाप काळ उलटा फिरवून पोर गेलं त्या सकाळी परत जातो. पोराला वाचवता येत नाही हे त्याला ठाऊक असतं, नुसतं दूध पाजून येतो. आपल्या घरगुती मालिकांत लेकरू गेलं की ढोल बडवतात आणि आठवड्यात बाई नव्या साडीत. ह्या मालिका बाईला अख्खं आभाळ मोकळं करून देतात. तिथं भावकी नसते. "देवाची मर्जी" म्हणत चहाला कुणी येत नाही.

यंत्राची वेणी चालली होती तेव्हा नातसून भिंतीकडून वळली आणि गाय हंबरावी तशी रडली. माझा लेक, म्हणजे तिचा सासरा, धावत आत आला.

"माय, बंद कर ते! कावून रडवायलीस तिला?"

"रडंल की. डोळे तिचे हायत."

"लोक काय म्हणतील?"

"लोकायला सांग, म्हातारीला चळ लागलाय. रिमोट माझ्या कमरंला हाय. काढून दाखव."

चाळिशीला टेकलेला माणूस, पण पुढं झाला नाही. मीच आवाज चढवला, शेजारी ऐकू जाईल इतका. म्हटलं, "आन् ऐक. तुझ्या आधीचा एक ओढ्याकाठी हाय. कपाळ तुझ्यासारखंच होतं. घे, काढला त्याचा विषय. बघू कोण रुसतंय!"

त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला तो बसलाच. नातसून सरकत माझ्या गुडघ्याशी आली, नाक पदराला पुसलं आणि म्हणाली,

"आजी, तिची नखं लई वाढली होती. मला वाटलं, पाचवीच्या आधी कापावी लागतील."