विम्यावर पोरीचं नाव

एसटीत शेजारच्या माणसाच्या कपड्यांना कोळशाच्या धुळीचा वास आला, की मला यवतमाळच्या कोर्टासमोरची चहाची टपरी आठवते. घटस्फोट ठरला होता, मुलीचा महिन्याचा खर्चही ठरला होता. माझी एकच अट उरली होती: वणीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी स्वतःचा विमा काढावा, म्हणजे त्यांना काही झालं तरी तिचा खर्च थांबणार नाही. सासूबाई भडकल्या. "माह्या पोराच्या मरणाची वाट पाहून राह्यली काय वं?" मी म्हटलं, "शंभर वर्षं जगू द्या त्यांना. पण पोरीची शाळा थांबाले नको." ते खाली मान घालून चहा पीत होते. टपरीवरच बोलावलेल्या विमा एजंटने वारस विचारला, तेव्हा सवयीने "आई" म्हणाले. त्यावर सासूबाईच चिडल्या, "मी आता किती दिवसाची? पोरीचं नाव टाक." मुलगी लहान, तिच्या वतीने पैसे कोण घेईल, असं एजंटने विचारलं. मग सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच हात केला, "तिची माय बसली नाही काय समोर?" मुलगी आता कॉलेजात आहे. वणी रस्त्यावरच्या अपघाताची बातमी दिसली, की मी अजूनही आधी ट्रकचा नंबर वाचते.