फक्त आमेन

त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात मी विश्वासावर अर्धा तास बोललो, आणि बोलताना सगळा वेळ मला आतून रिकामं वाटत होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये आम्ही मोजकीच मराठी ख्रिस्ती कुटुंबं होतो. रविवारी संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी उपासनेला जमायचो. पाळक नव्हता. नगरकडे माझे वडील पाळक होते, म्हणून संदेशाचं आणि शेवटच्या प्रार्थनेचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. मी प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, ही आमची रीत पडून गेली होती.

सोनं भट्टीत तापल्याशिवाय उजळत नाही, परीक्षेच्या वेळी देवावर भार टाकावा, असं मी सांगत होतो. समोर माझी पत्नी सुमन गळ्याशी पदर धरून बसली होती. पदराखाली गाठ होती आणि मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं. गाठ साधी आहे की वाईट, हे काढल्यावरच कळणार होतं. शिवाय आवाजाची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागू शकतो, असं सर्जनने सांगून ठेवलं होतं. आमच्या उपासनेत गीत उचलायची ती सुमन. मला सूर धरता येत नाही. तिचे डोळे घाबरलेले मला दिसत होते. तरी मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर माझीही भीती सगळ्यांना दिसली असती.

मंडळी गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, “अहो, भट्टीत मी जाणार आणि भाषण तुम्ही केलंत.”

आमची तेरा वर्षांची रूथ बशा पुसत होती. ती आईला हसवायला म्हणाली, “पप्पा, यू प्रे लाइक यू आर ऑन द रेडिओ.” सुमन खरंच हसली. मी नाही हसलो. कित्येक दिवस गुडघे टेकले की माझ्या मनात शब्द जमायचे, पण ते कुणाला तरी ऐकवण्यासाठी सजवल्यासारखे. देवाशी बोलायला एकही शब्द उरला नव्हता. हे मी सुमनलाही सांगितलं नव्हतं. तिला माझ्या विश्वासाचा आधार आहे, अशी माझी समजूत होती.

मंगळवारी “कुणी येऊ नका, देव आहे आमच्याबरोबर” असं मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. ऐकणाऱ्यांना त्यात श्रद्धा वाटली असेल. खरं म्हणजे माझा चेहरा कुणी बघावा, असं मला वाटत नव्हतं. रूथला शाळेत सोडलं, सुमनला आत नेलं, आणि मी प्रतीक्षागृहात एकटा बसलो. बाहेर दमट उकाडा होता आणि आत एअर कंडिशनरमुळे बोटं गारठत होती.

काही वेळाने समोर एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. पांढरी मिशी, अंगात तपकिरी स्वेटर, गळ्याला मफलर. अगदी आमच्या नगरच्या मंडळीतले कुणी काका असावेत तसे. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की ‘सलाम’ म्हणतात. ऑफिसातला माझा पुण्याचा मित्र यावरून नेहमी चिडवायचा, “अरे, तू नक्की कुठल्या पार्टीचा?” पण लहानपणची सवय, डोकं ठिकाणावर नसताना तोंडून निघून गेलं, “सलाम, काका.”

“वालेकुम अस्सलाम, बेटा,” ते प्रसन्नपणे म्हणाले.

चूक लक्षात आली आणि मी पुटपुटलो, “अरे देवा.”

त्यांनी मान वर केली. “तुम्ही मराठी? कुठले?”

“नगरचा.”

“मग शेजारीच की! मी औरंगाबादचा. मुलाकडे आलोय. बेगम वर ॲडमिट आहे, तिचं हृदय जरा रुसलंय.” मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, “आत कोण आहे?”

एवढ्या लांब, इतक्या गार खोलीत मराठी प्रश्न ऐकला आणि माझा धीर सुटला. मी सगळं सांगितलं. मी ख्रिस्ती आहे, लोकांना प्रार्थना शिकवतो आणि मला स्वतःला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे, हेही सांगितलं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी मुसलमान माणसाला सांगत होतो.

ते म्हणाले, “मग मी मागतो. तुमच्यात शेवटी आमेन म्हणतात ना? आम्ही आमीन म्हणतो. तुम्ही तेवढं म्हणा.”

त्यांनी तळहात उघडले आणि हलक्या आवाजात उर्दूत मागणं मागितलं. मला त्यातलं थोडंच कळलं, सुमनचं नाव मात्र स्पष्ट ऐकू आलं. मी पाळकाचा मुलगा. हे योग्य की अयोग्य, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण त्या घटकेला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी प्रभू येशूचं नाव मनात धरलं आणि आमेन म्हटलं. कितीतरी दिवसांनी मला वाटलं की कुणीतरी ऐकलं.

“आता तुम्ही माझ्या जमीलासाठी मागा,” ते म्हणाले.

मी डोळे मिटले. “देवबापा, जमीलाकाकूंना बरं कर.” पुढे काही सुचेना.

“बस्, एवढंच? छान. छोटी दुआ वर लवकर पोहोचते,” असं म्हणून ते मिश्किल हसले आणि बेगमकडे गेले.

दुपारी सर्जन आले. गाठ साधी होती. त्यांनी मला आत नेलं आणि सुमनला काहीतरी बोलायला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ ओले केले.

“अहो,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “भट्टी थंडगार होती.”

काय म्हणाल्या, म्हणून सर्जन मला विचारत होते. मी हसत होतो आणि रडतही होतो. तिचा हात हातात घेऊन मी तिथेच कबूल केलं की रविवारी मी फार घाबरलेलो होतो. ती डोळे मिटून म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुम्ही सांगायची मी वाट बघत होते.”

दुसऱ्या दिवशी मी त्या काकांना शोधत वर गेलो. बेगमना घरी सोडलं, असं नर्सने सांगितलं. त्यांचं नावही मी विचारलेलं नव्हतं. ते पुन्हा कधी भेटले नाहीत. देवाने त्यांना पाठवलं असं मी मानतो, पण त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

देवावर भार टाका, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि भार टाकतानासुद्धा तो नीट, सुंदर शब्दांत टाकायची माझी धडपड चालू होती. आपल्याजवळ शब्द नसतील तेव्हा देव ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालतो. आपण फक्त होकार द्यायचा असतो, हे मला त्या गार खोलीत उमगलं.

सुमन बरी झाल्यावर पहिली उपासना आमच्याच घरी झाली. शेवटी सवयीने सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सुमनला म्हटलं, “आज तू कर.” तिचा आवाज अजून जरा खरखरीत होता, वरचे सूर लागत नव्हते. तिने दोनच वाक्यं म्हटली, दोन्ही आभाराची. ती थांबली, आणि त्या दिवशी माझ्या वाट्याला जे आलं होतं ते मी मनापासून म्हटलं.

आमेन.