क्यूमेक्स म्हणजे कुठपर्यंत?

इसरूला चिडायला कारण लागत नसे. वैनगंगेत डोंगा चालवण्यात आणि जाळं टाकण्यात त्याचा जन्म गेला. डोंग्यात कुणी उभं राहिलं की तो खेकसायचा, मासळीचा भाव कुणी दोनदा विचारला की पाठ फिरवायचा. गाव त्याला हसायचं आणि त्याच्याच डोंग्यात बसायचं, कारण त्याने कधी कुणाला बुडू दिलं नव्हतं. पण श्रावणातल्या त्या दुपारी तो भडकला, तेव्हा हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

तलाठी अश्विन ऑटोवर भोंगा बांधून गल्लोगल्ली फिरत होता. "वरच्या धरणातून दहा हजार क्यूमेक्स विसर्ग. काठावरच्या नागरिकांनी सतर्क राहावे." लोक दारात येत, ऐकत आणि पुन्हा आत जात. सतर्क म्हणजे काय करायचं, हे कुणी सांगावं?

इसरूच्या घरात त्याची बायको सुगंधाबाई बाजेवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलेलं, जरा हलवलं तरी जीव कासावीस होई. मागच्या महिन्यात असाच भोंगा ऐकून चौघांनी तिला शाळेत नेलं होतं. पाणी गावात आलंच नाही, ती मात्र तळमळत राहिली. आता तिने सांगून टाकलं होतं, "पाणी घरात येते असं कोणी पक्कं सांगत असन, तं उचला. नाई तं मले हात लावू नका."

म्हणून इसरूने ऑटो अडवला. "दहा हजार म्हणजे कुठपर्यंत?"

क्यूमेक्सचे क्यूसेक्स करायला अश्विनने मोबाइलवर पस्तिसाने गुणलं. "साडेतीन लाख क्यूसेक्स, इसरूभाऊ."

"मी इचारलं काय अन् तू सांगून काय राह्यला? माह्या घरात किती?"

"पुलाजवळ पातळी दोनशे सहा पूर्णांक चार मीटर जाईल म्हणतात."

इसरूचं डोकंच फिरलं. "दोनशे मीटर? मंग ताडोबाचे वाघ पोहत येतात का इकडं?"

"ते समुद्रापासून मोजतात, भाऊ. नदीच्या तळापासून नाही."

"समुद्र कुठी, मी कुठी!" इसरूने ऑटोच्या टपावर थाप हाणली. बाई घरात आडवी पडली आहे आणि हे लेकाचे समुद्र मोजताहेत, या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच भरात तो ओरडला, "चार सालाआधीच्या पुरात माह्या उंबरठ्याले पाणी लागलं होतं. तवा तुह्या पुलाजवळ किती होतं, ते सांग."

अश्विन थबकला. त्याने कुणालातरी फोन लावला, ऐकलं आणि म्हणाला, "दोनशे पाच पूर्णांक दोन." मग स्वतःच वजाबाकी केली. "एक पूर्णांक दोन मीटर जास्त. म्हणजे उंबरठ्याच्या वर चार फूट."

इसरूने जमिनीपासून हात वर नेला. हात छातीशी आला. सुगंधाबाईची बाज जेमतेम दीड फूट उंच होती.

"हे तुमच्याजवळ होतं ना? मंग काऊन नाई सांगत?"

"वरून जो मेसेज येतो, तोच वाचायचा असतो, भाऊ," अश्विन खाली बघत म्हणाला.

इसरू घरात धावला. "तुह्या बाजेच्या वर अडीच फूट पाणी येते," तो म्हणाला. सुगंधाबाईने डोळे मिटले आणि मान हलवली. शेजारच्या पोरांना बाज उचलायला लावून तो परत ऑटोकडे आला आणि अश्विनच्या हातातला माइक त्याने ओढून घेतला.

"चार सालाआधी जिथं पाणी लागलं, त्याच्या वर चार फूट येऊन राह्यलं. घरात बसलेला माणूस बुडते. म्हातारे उचला, ढोरं सोडा, शाळेत चला." दारं धडाधड उघडली. बायांनी पीठमिठाचे डबे उचलले, ढोरांची दावी सुटली. खालच्या आळीत अजून कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून इसरूने ऑटो तिकडे वळवायला लावला.

सुगंधाबाईची बाज ऑटोजवळून चालली होती. वेदनेने तिने ओठ दातात धरला होता. "काकाले बोलावू का?" उचलणाऱ्या पोराने विचारलं.

"नोको," ती म्हणाली. "आरडू दे त्यायले. खाली अजून लोक हायेत."