तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. विजू म्हणजे माझा लालबागचा, शाळेपासूनचा मित्र. दहाव्याच्या आदल्या दिवशी तिचा पुन्हा फोन... "बाबांचा धड एक फोटो नाही हो घरात." नसणारच! कॅमेरा कायम विजूच्याच हातात. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला. कुणातरी परक्याला घातल्यासारखं वाटलं.

रोल न लागणारा कॅमेरा आमच्या चाळीत पहिल्यांदा त्यानंच आणला. फोटो थेट फ्लॉपीवर जायचा. ती काढून संगणकात घातली की यंत्र खरखरायचं आणि फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उलगडायचा. तेवढा वेळ विजूचा जीव टांगणीला. जमीन लाकडी, कोणी चाललं की टेबल हलायचं. तळहात उंचावून हा ओरडायचा, "हलू नका रे कोणी! वाचतोय तो." आतून त्याची आई म्हणायची, "मेल्या, भाकरी करपतली माजी!" एकदा तो असाच हात वर करून बसलेला असताना मी कॅमेऱ्यात दुसरी फ्लॉपी घालून त्याचाच फोटो काढला. त्या फ्लॉपीवर त्यानं पेनानं लिहिलं, 'मी'.

पुढे फ्लॉप्यांना बुरशी लागायला लागली. अक्कल मी पाजळली, "तांदळाच्या डब्यात ठेव, ओल लागणार नाही." कीड लागू नये म्हणून काकी, म्हणजे विजूची आई, तांदळाला बोरिक पावडर चोळतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कळेपर्यंत तीन-चार फ्लॉप्या बाद झाल्या होत्या. विजू मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. उरलेल्या त्यानं फडक्यात बांधून ठेवल्या, आणि संगणक यथावकाश भंगारात गेला.

गेल्या रविवारी मुग्धानं ते गाठोडं सोडलं. विजूची बायको, आमच्या वहिनी, शेजारीच बसल्या होत्या. 'मी'ची पत्र्याची झडप सरकवली तर कडेला पांढरी भुकटी. बारीक ब्रशनं झाडली, पण आत किती गेली असेल कोण जाणे. त्याचा उरलेला एकुलता एक चेहराही माझ्याच शहाणपणानं पुसला गेला असेल तर? मुग्धानं मागवलेलं फ्लॉपी वाचायचं यंत्र लॅपटॉपला जोडलं, फ्लॉपी आत सरकवली. टॉवरमधलं घर, खाली दगडी लादी, कोणी नाचलं तरी टेबल हलणार नाही. मी चष्मा घ्यायला उठलो, तर तिनं तळहात उंचावला, "काका, हलू नका!"

खरखर... आधी भिंतीवरचं कॅलेंडर आलं. मग वर केलेली पाच बोटं. मग दाट केस, कपाळ, चष्मा. तिथे खरखर थांबली. मी मनातल्या मनात विजूची माफी मागत होतो. यंत्र पुन्हा खरखरलं आणि ओठ आले, 'हलू नका' म्हणताना उघडे राहिलेले. त्याखाली सगळं करडं.

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. वहिनी उठल्या नाहीत.