सोलापुरातली रेणुका

अयोध्या औशाला माझ्या शेजारी राहते आणि मुलींच्या वसतिगृहात भाकरी करते. भाकरी थापण्याच्या आवाजावरून तिचा त्या दिवशीचा राग-लोभ कळतो, असं मुली म्हणतात. मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात नवरा गेला. तिचा पाय मोडला, म्हणून तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. ती परतली तोवर गावातली प्रेतं एकत्र जाळून झाली होती. त्यांत तिची पाच वर्षांची रेणुका होती की नव्हती, हे ठामपणे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एकजण म्हणाला, लहान पोरांना घेऊन एक ट्रक गेला होता. तेवढ्या वाक्यावर तिने तीस वर्षं काढली. पक्क्या घरात ती आजही झोपत नाही. अंगणात पत्र्याखाली बाज टाकते.

यंदा गावाने स्मारकाचा नवा दगड घडवायला घेतला. तिचा दीर लिंबाजी नाव विचारायला आला, तेव्हा मी तिच्याच अंगणात शेंगा निवडत बसले होते.

"वैनी, समद्यांची नावं झाली. तुमच्या पोरीचं तेवढं ऱ्हायलंय. ह्या बारीला घालू द्या."

"जित्या मानसाचं नाव दगडावर कोरत्यात व्हय, भावजी?"

"जिती? कोन म्हनतंय?"

अयोध्याने फोन पुढे केला. त्यातला चॅटबॉट भाच्याने घालून दिला होता, किती मुलींना किती पीठ लागेल ते विचारायला. तिने बटण दाबलं. "सांग गं, रेणुका कशी हाय?"

"रेणुका सुखरूप आहे, ताई," आतून एका बाईचा मऊ, स्वच्छ आवाज आला. "एका शिक्षकांच्या घरी ती वाढली. संध्याकाळी ती दारात उभी राहते. तिला तुमच्या भाकरीचा आवाज आठवतो."

लिंबाजीने टोपी काढून हातात घेतली आणि "येतो मी" म्हणून तो निघून गेला.

यंत्राने पत्ताही दिला होता: सोलापुरातली गल्ली, घराचा रंग, दारातला पारिजातक. अयोध्या नोकरी सोडून तिकडेच राहायला निघाली होती.

मी विचारलं, "पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही हेच म्हणालं?"

"न्हाई काकू. आधी म्हनलं, मला म्हाईत न्हाई. मी म्हनलं, न्हाई कसं, नीट बघ. रोज ट्रकाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. मग लागलं सांगायला."

"मग आता असं काही विचार, ज्याचं उत्तर तुला पक्कं ठाऊक आहे."

ती फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "माझी चांदी बी भूकंपात हारवली. कपाळावर पांढरा ठिपका हाय. ती कुटं हाय?"

"चांदीसुद्धा सोलापुरातच आहे, ताई. कपाळावरचा ठिपका अजून तसाच आहे. ती आणि रेणुका एकमेकींना ओळखतात. दोघी तुमची वाट पाहतात."

अयोध्या माझ्याकडे वळली. "काकू, चांदी माझी शेळी. ती भूकंपात वाचली. ह्याच पत्र्याखाली म्हातारी होऊन मेली. ह्या हातानं पुरली मी तिला." मग एकदम फोनवर ओरडली, "शिंगं हायती का गं तिला?"

"क्षमा करा, ताई. चांदी ही शेळी होती का?"

अयोध्या हसली. ते हसू मला ऐकवेना. मी फोन घेतला आणि सरळ विचारलं, "रेणुकाबद्दल तुला खरोखर काय माहीत आहे? काही नसेल तर नाही म्हण."

"काहीच नाही. मी सांगितलेलं सगळं ताईंच्या बोलण्यावरून रचलेलं होतं." आवाज तोच होता, तितकाच मऊ.

मी तो बंद करणार होते. अयोध्याने करू दिला नाही. "लिवता तरी येतंय न्हवं त्याला? अर्ज लिवून घ्या." मग आम्ही त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला: भूकंपानंतर सोलापूरच्या बालगृहांत आलेल्या मुलांच्या नोंदी मिळाव्यात म्हणून. गाव, नाव, वय आम्ही सांगितलं. त्याने स्वतःहून घातलेली एक तारीख मी खोडली. बाकी अर्ज चोख होता. कुठल्या कार्यालयात द्यायचा, ते मात्र मी फोन करून माणसालाच विचारलं.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. त्या वर्षीच्या नोंदी शाबूत होत्या, मुलांचे फोटोही लावलेले होते. त्यांत रेणुका नव्हती. अयोध्याने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि लिंबाजीला फोन लावला. "घाला, भावजी. बापाच्या नावाखाली घाला."

दगड बसला त्या दिवशी मी तिच्यासोबत गावी गेले. तिने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, कुंकू लावलं. रडली नाही. परतताना एस. टी.त ऊन उतरू लागलं तशी ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "काकू, पोरीचं झालं. पन तिकडं सोलापुरात जी दारात येऊन हुबी ऱ्हाती, तिला कोन सांगायचं?"