कौताकने दिलेला खरा सल्ला

सदर महिला, नामे कौताक, राहणार खाडीकाठ, व्यवसाय क्रीडाशिक्षिका, हिने उत्तर ध्रुवाकडील मुलखांच्या हिवाळी स्पर्धांच्या निवड चाचणीत प्रतिस्पर्धी खेळाडूस स्वतः होऊन मार्गदर्शन केले व पूर्वजांच्या क्रीडापरंपरेचा आदर्श घालून दिला. सबब तिचा सत्कार करण्यात येत आहे.

घडलं ते असं. कौताक गावातल्या पोरींना उंच लाथ शिकवायची. सीलच्या कातड्याचा चेंडू उंच टांगायचा, उडी घेऊन एका पायाने त्याला लाथ मारायची आणि त्याच पायावर उतरायचं. स्पर्धेला जाणाऱ्या विमानात या खेळासाठी एकाच मुलीची जागा होती. शाळेच्या हॉलमध्ये शेवटी दोघी उरल्या: कौताकची नात उकालिक आणि भावजय सिआसीची मुलगी रोडा.

नणंद-भावजयीचं पटत नसे म्हणणं म्हणजे जानेवारीत जरा गार असतं म्हणण्यासारखं. भावाने मारलेल्या सीलची कलेजी पूर्वी थोरल्या बहिणीकडे यायची. सिआसी घरात आली आणि कलेजी सिआसीच्या माहेरी जाऊ लागली. तेवढ्या शिदोरीवर दोघींनी अर्धं आयुष्य काढलं.

उकालिकची लाथ लागली. त्याच उंचीवर रोडा दोनदा चुकली; एकच उडी उरली. आमच्यात रीत अशी, की समोरच्याची चूक त्याला सांगायची. झुंज चेंडूशी, माणसाशी नाही. सगळा हॉल कौताककडे बघू लागला.

चूक तिने केव्हाच हेरली होती: पोरगी चेंडूच्या फार खाली शिरत होती. खोटं सांगणं कौताकच्या तत्त्वात बसत नव्हतं. पोरीला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. पण ती उठून नेमकी सिआसीच्या नाकासमोर उभी राहिली.

"रोडा, बाळ, अर्धं पाऊल मागून उड," ती म्हणाली. इतका गोड आवाज तिने भावजयीदेखत कधी काढला नव्हता.

"वन्सं, तुमच्या तोंडून माझ्या लेकीचं भलं? कालची पोर समजलात का मला?" सिआसी लेकीकडे वळली. "मागे म्हणतायत ना, मग तू पुढेच जा गं."

कौताक खाली बसून सुकी मासळी चघळू लागली.

रोडा पुढे गेली. पाय वर गेला तेव्हा चेंडू तिच्या डोक्यामागे राहिला होता.

सिआसीला तक्रारही करता येईना. काय सांगणार, नणंद खरं बोलली म्हणून?

स्पर्धा एक वर्षाआड होतात. पुढच्या खेपेला रोडाचं वय बसत नव्हतं.