गाभणीचं औषध

पहाटे चारला पकडचा दिवस सुरू व्हायचा. मेंढी एकदा तिच्या गुडघ्यांत सापडली की सुटायची नाही, म्हणून मेंढवाड्यावर तिचं नावच पकड पडलं होतं.

त्या पहाटे एक गाभण मेंढी आडवी दिसली. जबड्याखाली सूज उतरून पाण्याची पिशवी लोंबत होती. पकडने पापणी उलटून पाहिली, कागदासारखी पांढरी. मेंढीने तिथेच मान टाकली. पोटात हालचाल होती. पकडने सुरीने पोट फाडून कोपरापर्यंत हात घातला. एक कोकरू मेलेलं निघालं. दुसऱ्याने दोनदा तोंड उघडलं आणि तेही गेलं. मग तिने मेंढीचं जठर चिरलं. आत दोऱ्यासारखे जंत वळवळत होते.

मुकादम आला. "उपाशी आहेत. भरड वाढव."

"महिनाभर वाढवतेय. खातात मेंढ्या, अंगी लागतं ह्या जंतांच्या." तिने जठर त्याच्या पायाशी टाकलं. "गुरांच्या डॉक्टरांनी दिलेलं जंताचं औषध कुलपात कशाला?"

"मागं पाजलं तेव्हा गाभ पडले. विसरलीस?"

"ते औषध वेगळं, गाभही कोवळा होता. हे चालतं म्हणून डॉक्टर तुमच्यासमोर सांगून गेलेत."

"त्यांचं काय जातं? मालक मान माझी धरणार."

शेजारी एक गाभण मेंढी बसकण मारून होती. "ऊठ, सोंगाडे," म्हणत त्याने लाथ घातली. लाथ तिच्या पोटावर बसली.

पकडने फाटकाचा अडसर उपसला. तिने एकदाच मारला, पण नेमका तोंडावर. रक्त थुंकत त्याने तिचा गळा धरला. दोघं लेंड्यांत लोळले. शेवटी त्याची मान तिच्या गुडघ्यांत आली.

"आधी किल्ली. मग सोडते."

किल्ली मिळाली. एकेक मेंढी धरायची, मान आडवी ठेवायची, गालाच्या कोपऱ्यातून नळी जिभेमागे न्यायची. डोकं उंच झालं की औषध फुफ्फुसात जातं. घाई चालत नाही. उन्हं कलली तेव्हा तिचे गुडघे सोलून निघाले होते.

मुकादम तोंडाला फडकं लावून दारात बसला होता. "एक जरी गाभ पडला ना..."

"तर माझे दात पाडा. फिटंफाट."

पुढे एकही गाभ पडला नाही. लाथ खाल्लेलीला जुळं झालं. दोन्ही कोकरं धडपडत उठली आणि आचळाला भिडली.

मालकाने पकडची हंगामाची मजुरी चोख काढली आणि परस्पर दातांच्या डॉक्टरकडे पाठवली. मुकादमाचे समोरचे दोन दात त्यातून बसले.